भंगारवाल्यालाही नको असलेला काळा गाळ: त्यातले लोखंड कोणाचे, आणि आपला वाटा किती?

फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने कुदळवाडी-चिखली भागात बुलडोझर चालवले, तेव्हा चार हजारांहून अधिक बांधकामे जमीनदोस्त झाली. त्यात भंगाराची गोदामे होती, छोटी वर्कशॉप होती, पत्र्याची शेड होती. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती बेकायदा बांधकामांची, वारंवार लागणाऱ्या आगींची, इंद्रायणीच्या प्रदूषणाची आणि तिथे राहणारी माणसे कुठली, याची. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. चाकण, भोसरी, पिंपरीच्या कारखान्यांतून रोज बाहेर पडणारा धातूचा कचरा आता जाणार कुठे, आणि तो उचलणार कोण?

कारखाने तर बंद झाले नाहीत. गाड्यांचे सुटे भाग बनतच आहेत, म्हणजे कचराही पडतोच आहे. भंगार ही काही हौस नाही, ती उद्योगाची दुसरी बाजू आहे. या कचऱ्यातला एक प्रकार तर असा आहे, की तो भंगारवाल्यालाही नको असतो. ग्राइंडिंगच्या मशिनखाली साचणारा काळा, तेलकट, चिखलासारखा गाळ. कारखान्यात त्याला ‘ग्राइंडिंग मक’ किंवा नुसते ‘मक’ म्हणतात. त्यात निम्म्याहून जास्त लोखंड असू शकते, तरीही तो पैसे देऊन टाकावा लागतो. आज आम्ही या गाळाबद्दल लिहितो आहोत. विषय थोडा तांत्रिक आहे, पण हजारो घरांच्या पोटापाण्याशी त्याचा संबंध आहे.

हा गाळ नेमका असतो काय?

लेथवर किंवा ड्रिलिंग मशिनवर लोखंड कापले की त्याचे वळवळीत काप निघतात. भंगार बाजारात त्याला ‘टर्निंग’ म्हणतात. कास्ट आयर्न कापल्यावर निघणाऱ्या चुऱ्याला ‘बोरिंग’ म्हणतात. या दोन्हीला भाव आहे, गिऱ्हाईक आहे. कोणत्याही भंगारवाल्याला विचारा, तो डोळे मिटून सांगेल की आज सीआय बोरिंगचा रेट काय चालू आहे.

ग्राइंडिंगचे तसे नाही. बेअरिंगची रिंग, गिअरचा दात, क्रँकशाफ्टचा गोल भाग यांना शेवटचे अचूक माप द्यायचे असते. तिथे धातू कापत नाहीत, घासतात. फिरणारे ग्राइंडिंग व्हील धातूचे केसाहून बारीक तंतू खरवडून काढते. त्याच वेळी व्हीलही झिजते आणि त्याचे खडे सुटून त्याच तंतूंमध्ये अडकतात. वरून कुलंटचा, म्हणजे तेलाचा किंवा तेल-पाण्याच्या मिश्रणाचा, सतत मारा चालू असतो. हे सगळे एकत्र होऊन जो लगदा बनतो, तो म्हणजे मक. हातात घेतला तर तेलात बुडवलेल्या काळ्या कापसासारखा लागतो.

म्हणजे यात तीन गोष्टी आहेत: लोखंड किंवा पोलाद, व्हीलचे खडे आणि तेल-पाणी. तिन्ही वेगवेगळ्या असत्या तर तिन्हींना किंमत होती. एकत्र आल्या आणि कचरा झाल्या. सगळी मेख इथेच आहे.

फाऊंड्रीवाला नाक का मुरडतो?

पहिला विचार मनात येतो तो असा, की लोखंडच आहे ना, मग टाका भट्टीत! फाऊंड्रीत तरी दुसरे काय करतात? पिग आयर्न, भंगार आणि स्वतःच्याच कारखान्यातले वाया गेलेले कास्टिंग भट्टीत वितळवतात आणि साच्यात ओततात. भारत आज कास्टिंगच्या उत्पादनात चीननंतर जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. एवढ्या मोठ्या उद्योगाला कच्चा माल तर कायमच लागतो. मग अडचण कुठे येते?

पहिली अडचण पाण्याची. ओला माल वितळलेल्या लोखंडात पडला, तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस बाहेर उसळतो. चौदाशे-पंधराशे अंशांचा रस अंगावर उडणे म्हणजे काय, हे भट्टीवर काम करणाऱ्याला सांगावे लागत नाही. दुसरी अडचण तेलाची. तेल जळते, धूर होतो. कापण्याच्या काही तेलांमध्ये क्लोरीनयुक्त रसायने असतात. ती अर्धवट जळली तर निघणारा वायू नुसत्या धुरापेक्षा कितीतरी घातक असतो.

तिसरी अडचण बारीकपणाची. धातूचा कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग जास्त आणि तितका तो लवकर गंजतो. मकाचा ढीग उघड्यावर पडला की गंजता गंजता आतून तापतो आणि कधीकधी आपोआप पेटतो. असा सैल चुरा भट्टीत टाकला, तर तो रसात बुडण्याआधीच बराचसा जळून ऑक्साइड होतो. म्हणजे लोखंड टाकले आणि मळी मिळाली.

चौथी अडचण व्हीलच्या खड्यांची. पोलाद घासण्यासाठी बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनाचे खडे वापरतात. ॲल्युमिना वितळते दोन हजार अंशांच्या वर. फाऊंड्रीची भट्टी तिथवर जातच नाही. त्यामुळे हे खडे मळी होऊन वर तरंगतात, ती मळी काढावी लागते, वीज वाया जाते आणि भट्टीच्या अस्तराला झीज लागते. सिलिकॉन कार्बाइडच्या खड्यांचे प्रकरण मात्र उलटे आहे. त्यातून सिलिकॉन आणि कार्बन दोन्ही मिळतात आणि दोन्ही कास्ट आयर्नला हवेच असतात. फाऊंड्रीवाले सिलिकॉन कार्बाइड मुद्दाम विकत घेऊन भट्टीत टाकतात. म्हणजे एका व्हीलचा खडा डोकेदुखी आणि दुसऱ्या व्हीलचा खडा औषध!

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. ती म्हणजे मक कोणत्या पोलादाचा आहे? बेअरिंगच्या पोलादात साधारण एक टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असते. ग्रे आयर्नमध्ये थोडे क्रोमियम चालून जाते. पण एसजी आयर्न, म्हणजे ज्यातून वाकणारे, धक्के सोसणारे भाग बनतात, त्यात क्रोमियम वाढले की कठीण कार्बाइड तयार होतात आणि कास्टिंग ठिसूळ होते. गंधक जास्त आले तर तिथे मॅग्नेशियमचा खर्च वाढतो. मग फाऊंड्रीचा मालक म्हणतो, ‘चार पैसे वाचवायला जाऊन अख्खा लॉट रिजेक्ट झाला तर भरपाई कोण देणार?’ त्याचे म्हणणे चूक नाही.

गाळाची वीट कशी होते?

या अडचणींवर उत्तरे आहेत आणि ती कागदावरची नाहीत. जपानमध्ये बेअरिंग बनवणाऱ्या कंपन्यांनीच ग्राइंडिंगचा गाळ दाबून घट्ट करण्याची पद्धत विकसित केली. जर्मनीत आणि इतर देशांत धातूचा चुरा दाबणारी हायड्रॉलिक यंत्रे बनतात आणि ती भारतातही विकली जातात. आपल्याकडेही असे प्रेस तयार होतात. यात कोणतेही गूढ विज्ञान नाही. शिस्त मात्र लागते.

पहिली पायरी कारखान्यातच घडते, ती म्हणजे वेगळे ठेवणे. बेअरिंगच्या लाइनचा मक वेगळ्या ड्रममध्ये, गिअरच्या लाइनचा वेगळ्या, कास्ट आयर्नचा वेगळ्या. प्रत्येक ड्रमवर नाव आणि तारीख. याला खर्च जवळपास शून्य आहे आणि पुढच्या सगळ्या किमतीचा पाया हाच आहे. एकदा सगळे एका खड्ड्यात ओतले की मग कोणतेही मशिन ते वेगळे करून देत नाही.

दुसरी पायरी म्हणजे तेल-पाणी काढणे. सेंट्रिफ्यूजमध्ये गरागरा फिरवून किंवा प्रेसमध्ये दाबून बरेचसे तेल बाहेर येते. ते गाळून कारखान्याला परत वापरता येते किंवा परवानाधारक तेल शुद्ध करणाऱ्याला देता येते. चांगले ग्राइंडिंग ऑइल स्वस्त नसते, म्हणून अनेकदा पहिली कमाई लोखंडातून न होता तेलातून होते. तेलाचा अंश आणखी कमी करायचा असेल तर गरम पाण्याने धुणे किंवा बंद भट्टीत तापवून तेलाची वाफ काढून घेणे, हे पुढचे मार्ग आहेत. पण धुतले की सांडपाणी आले, तापवले की इंधन आणि धूर आला. त्यामुळे किती साफ करायचे, हे गिऱ्हाइकाची गरज पाहून ठरवावे लागते.

तिसरी पायरी चुंबकाची. लोखंड चुंबकाला चिकटते, खडा चिकटत नाही. ऐकायला सोपे वाटते, पण तंतूंच्या गुंत्यात अडकलेला खडाही लोखंडाबरोबर ओढला जातो. आधी गुंता फोडावा लागतो आणि तरीही सगळे खडे निघत नाहीत. ‘आमचा माल शंभर टक्के शुद्ध’ असे कोणी म्हणाले तर जरा सावध राहिलेले बरे.

चौथी पायरी म्हणजे दाबून वीट करणे, ज्याला बाजारात ब्रिकेट म्हणतात. सैल मक घट्ट झाला की त्याची घनता अनेक पटींनी वाढते, तो गंजतो कमी, वाहतुकीला सोपा होतो आणि भट्टीत टाकल्यावर जळण्याआधी रसात बुडतो. तेलकट तंतू कधीकधी नुसत्या दाबाने धरत नाहीत, तेव्हा सोडियम सिलिकेटसारखे बंधक वापरून वीट वाळवतात. वीट टणक असलीच पाहिजे. ट्रकमध्येच तिचा भुगा झाला तर सगळे मुसळ केरात!

पाचवी पायरी प्रयोगशाळेची. ओलावा किती, तेल किती, कार्बन, क्रोमियम, गंधक, फॉस्फरस किती, याचा प्रत्येक लॉटचा दाखला. फाऊंड्री विटेबरोबर खात्रीही विकत घेत असते आणि ती खात्री याच कागदातून मिळते.

हिशेब जुळतो का?

समजण्यासाठी एक ढोबळ उदाहरण घेऊ. प्रत्येक कारखान्याचे प्रमाण वेगळे असते, हे लक्षात ठेवून. समजा १००० किलो मकात ६०० किलो धातू, २५० किलो तेल-पाणी आणि १५० किलो खडे व इतर आहे. दाबल्यावर बहुतेक द्रव निघून गेला तर साधारण ७८० किलोच्या विटा हातात येतात. त्यातला धातू ६०० किलो, म्हणजे शेकडा ७७ च्या आसपास. वितळताना त्यातलाही काही भाग ऑक्साइड होऊन मळीत जाणार. म्हणजे फाऊंड्रीच्या हाती येणारे लोखंड आणखी कमी. शिवाय उरलेले खडे तापवायला वीज लागणार, ती वेगळीच. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण साडेपाचशे ते सातशे युनिट वीज लागते आणि बिलाचा आकडा पाहून फाऊंड्रीवाल्याची झोप आधीच उडालेली असते.

म्हणून ही वीट चांगल्या भंगाराच्या भावात कधीच विकली जाणार नाही. तिला सूट द्यावीच लागेल. मग धंदा कशावर उभा राहतो? तीन पायांवर. एक, तेलाची किंमत. दोन, विटेची किंमत. तीन, कारखान्याचा वाचलेला विल्हेवाटीचा खर्च. आज हाच गाळ रांजणगाव, तळोजा किंवा बुटीबोरी इथल्या घातक कचऱ्याच्या केंद्रांवर पाठवायचा तर वाहतूक आणि प्रक्रिया दोन्हींचे पैसे कारखान्याला मोजावे लागतात. प्रक्रिया करणारा त्याहून कमी पैशांत तो उचलत असेल, तर दोघांचाही फायदा. या तिन्हींपैकी एक पाय तुटला तर तिवई पडते. नुसत्या विटेच्या भावावर प्रकल्प अहवाल बनवून बँकेत जाणाऱ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे.

फाऊंड्रीच्या बाजूनेही सावकाश जाणे शहाणपणाचे. भट्टीत जाणाऱ्या मालात सुरुवातीला शंभर किलोमागे दोन-तीन किलो वीट, तीही कोरडी आणि भट्टी अर्धी भरलेली नसताना तळाशी. मग मळी किती वाढली, वीज किती लागली, कास्टिंगचा कस काय आला, हे पाहून पुढचे पाऊल. ग्रे आयर्नचे साधे भाग, वजनासाठी वापरली जाणारी कास्टिंग, इथून सुरुवात करावी.

देशाच्या पातळीवर फायदा उघड आहे. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबानुसार एक टन भंगार वापरले तर १.४ टन लोहखनिज, ७४० किलो कोळसा आणि १२० किलो चुनखडी वाचते. मकातून सगळाच फायदा मिळत नाही, कारण त्यावर प्रक्रिया करायला ऊर्जा लागते. पण जमिनीत गाडून टाकण्यापेक्षा तो नक्कीच बरा. केंद्र सरकारचे पोलाद भंगार पुनर्वापर धोरण २०१९ साली आले, त्यामागचा विचारही हाच होता.

कायदा काय म्हणतो, आणि कोणते कलम कोणी वाचत नाही

तेलकट ग्राइंडिंग गाळ हा साधा भंगार नव्हे. घातक व इतर कचरा नियम, २०१६ च्या पहिल्या परिशिष्टात तेलयुक्त अवशेष घातक कचरा म्हणून नोंदले आहेत. म्हणजे कारखान्याने तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. कोणालाही उचलून द्यायचा नाही, परवाना असलेल्यालाच द्यायचा. गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे प्रवासाचा दाखला लागतो. आणि त्याचा कच्चा माल म्हणून वापर करायचा असेल, तर नियम ९ नुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. ती केंद्रीय मंडळाने ठरवलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीत दिली जाते.

हे नियम जाचक वाटतात, पण त्यामागे कारण आहे. ‘रिसायकलिंग’ हा शब्द लिहून घातक कचरा स्वस्तात गायब करण्याची वाट मोकळी झाली, तर तो गाळ शेवटी नाल्यात, माळावर नाहीतर गरिबाच्या वस्तीशेजारी येतो. रात्री उघड्यावर तेल जाळून लोखंड वेगळे करणे हाही पुनर्वापरच म्हणवून घेतो. त्याचा धूर फुप्फुसात जातो तो तिथल्याच मजुराच्या आणि त्याच्या मुलांच्या. तेलकट गाळ उघड्या हातांनी उपसणाऱ्यांच्या कातडीला खाज, पुरळ, जखमा होतात आणि ‘धंद्यात हे चालायचंच’ म्हणून सोडून दिले जाते. आम्ही स्पष्ट सांगतो, असा पुनर्वापर आम्हाला नको. कोणाचे शरीर जाळून वाचवलेले लोखंड महाग पडते.

पण याच नियमावलीत आणखी एक तरतूद आहे, तिची चर्चा कुठेच ऐकू येत नाही. नियम ५ राज्य सरकारवर जबाबदारी टाकतो. उद्योग विभागाने सध्याच्या आणि होऊ घातलेल्या औद्योगिक वसाहतींमध्ये कचऱ्याचा पुनर्वापर आणि प्रक्रिया करणाऱ्यांसाठी जागा किंवा शेड राखून ठेवायचे आहेत. कामगार विभागाने या कामातल्या मजुरांची नोंदणी करायची आहे, त्यांचे गट बनवून असे प्रकल्प उभारायला मदत करायची आहे, त्यांना कौशल्य शिकवायचे आहे आणि दरवर्षी त्यांच्या आरोग्य व सुरक्षिततेवर नजर ठेवायची आहे.

पुन्हा एकदा वाचा. जागा, नोंदणी, प्रशिक्षण, आरोग्य. कायद्यात हे सगळे लिहिलेले आहे, तेही २०१६ पासून. मग आम्ही सरकारला एवढेच विचारतो, की अनधिकृत म्हणून हजारो शेड पाडण्याआधी किंवा पाडल्यानंतर, अधिकृत शेड किती राखून ठेवली? मजुरांची नोंदणी किती झाली? नियमबाह्य बांधकाम पाडायला यंत्रणा आठवड्यात सज्ज होते. मग नियमातली जागा द्यायला इतकी वर्षे का लागतात? कायद्याचे राज्य म्हणायचे, तर ते दोन्ही हातांनी चालले पाहिजे.

कोल्हापूरच्या वाळूचा धडा

हे जमू शकते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूर हे देशातल्या मोठ्या फाऊंड्री केंद्रांपैकी एक. शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिरांनी ऑइल इंजिने बनवता बनवता हा उद्योग उभा केला. पुढे तो शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले असा पसरला. फाऊंड्रीतला सर्वांत मोठा कचरा म्हणजे साच्याची जळालेली वाळू. एकट्या छोट्या फाऊंड्रीला ती शुद्ध करण्याचे यंत्र परवडत नाही. तेव्हा कोल्हापूरच्या उद्योजकांनी क्लस्टर करून सरकारी मदतीने वाळू शुद्धीकरणाचा सामाईक प्रकल्प उभारला. एकाला जे झेपत नव्हते, ते अनेकांनी मिळून पेलले.

ग्राइंडिंगच्या गाळालाही हाच न्याय लागू होतो. एका मध्यम कारखान्याचा गाळ प्रेस दिवसभर चालेल इतका नसतो. पण एका औद्योगिक वसाहतीतल्या पन्नास कारखान्यांचा असतो. एकीकडे पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक इथे गाळ तयार होतो, दुसरीकडे कोल्हापूर, सांगली, बेळगाव इथे भट्ट्या पेटतात. मधला दुवा कोण जोडणार, एवढाच प्रश्न आहे.

आणि इथे आपला वाटा येतो

भंगाराच्या धंद्यात मुस्लिम समाजातली माणसे मोठ्या संख्येने आहेत, हे सर्वांना माहीत आहे. कुर्ल्यापासून कुदळवाडीपर्यंत कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी उत्तर प्रदेशातून. शिक्षण थोडे, भांडवल थोडे, पण धातूची पारख पक्की. ठिणगी पाहून पोलादाची जात सांगणारे, आवाजावरून पितळ ओळखणारे लोक यात आहेत. हा हुनर कोणत्या कॉलेजात शिकवला जात नाही.

पण हा हुनर आज धोक्यात आहे आणि धोका फक्त बुलडोझरचा नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगारावर जीएसटीची नवी व्यवस्था आली. नोंदणी नसलेल्याकडून माल घेतला तर कर भरण्याची जबाबदारी नोंदणी असलेल्या खरेदीदारावर आली, आणि नोंदणीकृत व्यापाऱ्यांमधल्या मोठ्या व्यवहारांवर दोन टक्के टीडीएस लागू झाला. १ एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नवे नियम लागू झाले. ॲल्युमिनियम, तांबे, जस्त यांच्या भंगारासाठी उत्पादकांवर जबाबदारी टाकणारी व्यवस्था १ एप्रिल २०२६ पासून ठरली आहे. या सगळ्यांची दिशा एकच आहे: नोंद, परवाना, दाखला. ज्याच्याकडे कागद, त्याच्याकडे माल.

यात मोठ्या कंपन्या झपाट्याने उतरत आहेत. त्यांच्याकडे वकील आहेत, सल्लागार आहेत, जमीन आहे. उद्या ग्राइंडिंगचा गाळ ‘कच्चा माल’ म्हणून मान्य झाला आणि त्याला भाव आला, तर तो उचलायला कोण पुढे असेल? ज्यांनी वर्षानुवर्षे हा काळा चिखल हाताळला, ते की ज्यांनी तो कधी पाहिलाही नाही, ते? कचरा होता तोवर आपला आणि किंमत आली की दुसऱ्याचा, असे होऊ नये.

त्यासाठी काही कडवट गोष्टी आपण एकमेकांना सांगितल्या पाहिजेत. आपल्यातले अनेक व्यापारी कागदाला घाबरतात. बिल नको, नोंदणी नको, ‘रोकड्यात मिटवून टाकू’. आज दोन पैसे वाचतात, पण उद्या कारवाई झाली की दाखवायला काहीच नसते. नुकसानभरपाई मागायला पुरावा लागतो, कर्ज मागायला ताळेबंद लागतो. दुसरी गोष्ट भागीदारीची. सख्खे भाऊ एकत्र धंदा करतात, पण दहा व्यापारी मिळून कंपनी काढा म्हटले की अविश्वास आडवा येतो. क्लस्टरला तर हेच लागते. तिसरी गोष्ट मजुरांची. हातमोजे, बूट, मास्क हा खर्च टाळणारा मालक आपल्याच बिरादरीतला असला, म्हणून तो कमी दोषी ठरत नाही. कुरआनात एका सूरहचे नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड आहे. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याकडे निषिद्ध मानली आहे. लोखंड वाया घालवणे हा इसराफ असेल, तर माणसाची तब्येत वाया घालवणे त्याहून मोठा आहे.

करता काय येईल?

पहिले काम नोंदणीचे. उद्यम नोंदणी मोफत आहे आणि घरबसल्या होते. जीएसटी नोंदणी घ्या, हिशेब ठेवा. मोहल्ल्यातली शिकलेली मुले-मुली कॉमर्स करून घरी बसलेली असतात. त्यांना या कामात आणा. भंगाराचा हिशेब ठेवणे ही कमीपणाची नोकरी नाही.

दुसरे, एकट्याने प्रेस घेण्याची घाई नको. आधी दहा-पंधरा व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या भागातल्या कारखान्यांकडून मकाचे नमुने घ्यावेत आणि त्यांची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. मग दोन-तीन फाऊंड्रींशी बोलून कोणत्या प्रतीची वीट कोणाला चालेल ते ठरवावे. गिऱ्हाईक आधी, मशिन नंतर. केंद्राच्या सूक्ष्म व लघु उद्योग क्लस्टर योजनेतून सामाईक सुविधा केंद्रासाठी मोठे अनुदान मिळते, राज्याचीही क्लस्टर योजना आहे. छोट्या कर्जांसाठी हमी देणारी व्यवस्था आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. दारे आहेत. ती ठोठावणारे गट हवेत.

तिसरे, तरुणांनी या धंद्याकडे नव्या नजरेने पाहावे. आयटीआय आणि डिप्लोमा मेटलर्जी शिकणारा मुलगा घरच्या भंगाराच्या दुकानाची लाज बाळगतो, हे चित्र बदलले पाहिजे. वडिलांची पारख आणि मुलाचे स्पेक्ट्रोमीटर एका टेबलावर आले, तर त्यांना हरवणारा कोणी नाही.

चौथे काम कारखानदारांचे. मक वेगवेगळ्या ड्रममध्ये ठेवणे, त्यावर पोलादाची जात लिहिणे, ही जबाबदारी त्यांची आहे. ‘कमीत कमी पैशांत उचलतो कोण’ एवढेच पाहून कंत्राट दिले, तर गाळ शेवटी नाल्यातच जाणार. मग नदी काळी झाल्याचा दोष फक्त भंगारवाल्याच्या माथी मारणे अन्याय आहे. तेल कोणाच्या मशिनमधून आले, हेही विचारले पाहिजे.

पाचवे काम सरकारचे आणि ते आम्ही वर सांगितलेच आहे. नियम ५ ची अंमलबजावणी. प्रत्येक मोठ्या औद्योगिक वसाहतीत पुनर्वापरासाठी अधिकृत शेड, अग्निशमनाची सोय, सांडपाण्याची सोय आणि मजुरांची नोंदणी. आमदार, नगरसेवक मते मागायला येतील तेव्हा त्यांना हा नियम दाखवावा. ही काही खैरात नाही, ती आधीच छापलेली जबाबदारी आहे.

या गाळाने आमच्या समाजाचे सगळे प्रश्न सुटतील, असे आम्ही म्हणत नाही. हा छोटा धंदा आहे, नफा मर्यादित आहे, चुका महाग पडतात. सगळाच मक विटेच्या लायकीचा नसतो. काही गाळ घातक कचरा केंद्रावरच गेला पाहिजे आणि तिथेच तो बरा. पण आज जे पोलाद जमिनीत गाडले जाते, त्यातला मोठा भाग कोल्हापूरच्या भट्टीपर्यंत पोहोचू शकतो. त्या वाटेवरची गाडी, प्रेस, तराजू आणि प्रयोगशाळेचा दाखला कोणाच्या नावावर असेल, हे पुढच्या काही वर्षांत ठरणार आहे. ज्या हातांना या काळ्या गाळाची सवय आहे, त्या हातांत आता परवान्याचा कागदही असला पाहिजे.